मेल येऊ द्या, मग बघू

सकाळपासून ऑफिसचा एकही मेल बाहेर जात नव्हता. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंनी शेवटी बिघाड हुडकून काढला. पासवर्डची मुदत संपली होती, बस्स. नवा पासवर्ड टाकून झाला. आता एक बटण दाबलं की रांगेत अडकलेले मेल आले त्या क्रमाने सुटणार, एवढ्यात मॅनेजरसाहेब धापा टाकत आत आले.

"थांबा! त्यात माझा मालकांना लिहिलेला मेल आहे. सकाळी डोकं फिरलं होतं, तोंडाला येईल ते लिहून बसलो. आणि आत्ता त्यांनीच बोलावून मला बढती दिली हो! तेवढा मेल काढून टाका."

"काढते की. तशी विनंती मेलवर पाठवा."

"अहो, तोंडी सांगतोय ना!"

"मेल येऊ द्या, मग बघू."

साहेबांनी चरफडत तिथेच मोबाइलवर दोन ओळी खरडल्या. स्क्रीनवर तो मेल रांगेत अगदी शेवटी जाऊन बसला. साहेबांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी शांतपणे बटण दाबलं आणि रांग भराभर पुढे सरकू लागली.

"अहो, काय केलंत हे!"

"माझे बाबा आयसीयूत होते तेव्हा मीही रजा तोंडीच मागितली होती, साहेब. 'मेल येऊ द्या, मग बघू,' असं तुम्हीच म्हणालात. मेल लिहीपर्यंत ते गेले."

टिंग् करून शेवटचा मेल आला.

"हां, आला बघा तुमचा. बोला, काय काढायचं होतं?"