शेरीफची कोठडी

दर ईदच्या सुट्टीत शुभ्राचे बाबा मायलेकींना दुबईतल्या त्या काउबॉय पार्कात न्यायचे, आणि एकाही पाळण्यात बसू द्यायचे नाहीत. रोलरकोस्टरकडे कुणी नुसतं बघितलं, तरी “त्याचे नटबोल्ट कोण तपासतं?” म्हणून दोघींना बाकावर बसवून ठेवायचे.

सत्त्याण्णवच्या ईदला आईने पुरणपोळ्यांचा डबा बरोबर घेतला होता. पोचल्या पोचल्या ती पाणी आणायला म्हणून गेली, आणि परतते न परतते तोच मोठी टोपी, झुपकेदार मिशा, कमरेला खोटं पिस्तूल असा शेरीफ समोर उभा राहिला. “यू आर अंडर अरेस्ट,” म्हणत त्याने बाबांना लाकडी कोठडीत घातलं आणि कुलूप लावलं. बाबा गजांआडून आधी इंग्लिशमध्ये, मग हिंदीत आणि शेवटी मराठीत ओरडू लागले.

“मम्मी, शुड वी सेव्ह हिम?” शुभ्राने विचारलं.

“आधी रोलरकोस्टर, यल्ला, चल,” म्हणत आईने ओढणी कमरेला बांधली आणि शुभ्राचा हात धरून धूम ठोकली. अर्ध्या तासात दोघी तीनदा रोलरकोस्टरवर बसल्या. किंचाळून किंचाळून घसे बसले आणि हसून हसून पोटं दुखायला लागली.

त्या परतल्यावर शेरीफने कुलूप काढलं. बाबा तरातरा गेटकडे निघाले, तसा त्याने हळूच रिकामा डबा आईच्या हातात दिला.



“वहिनी, पुढच्या ईदला साहेबांना तासभर ठेवू का?”