वळसा

“ताई, वरातीची घोडी हाय, फटाक्यालाबी बुजत नाय,” दौलताबादचा घोडेवाला शपथेवर सांगत होता. सात वर्षांच्या वैदेहीसाठी आम्ही पहिली घोडी बघायला गेलो होतो. नवऱ्यानं दात पाहिले, खूर उचलले, मोबाईलवर बँडसुद्धा वाजवला. पांढरीशुभ्र घोडी हलली नाही. नवरा खूश झाला, पण एवढी गुणाची घोडी हा का विकतोय, मला कळेना. तेवढ्यात त्याची चिमुरडी नात पाण्याची बादली घेऊन आली. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या, एका डोळ्याच्या घोड्याच्या पोटाखालून ती वाकून गेली. घोडीपाशी मात्र थबकली, भिंतीला घासत वळसा घालून गेली आणि तिनं बादलीही लांबूनच सरकवली. वैदेही रिकिबीत पाय घालत होती. मी तिला मागं ओढलं. “काका, तो म्हातारा घोडा द्याल?” घोडेवाला नातीकडं बघत राहिला. “तो नाय विकायचा, ताई. तो तिचा हाय.”