डावा डोळा

"हे तुझे बाबा नाय गो. कोणीतरी बँकेतला साहेब वाटतो," चहाचा कप टेकवत तिची आई, लक्ष्मी, चित्राकडे बघून म्हणाली आणि मेघनाचं डोकंच सणकलं.

सगळं अडलं होतं ते डाव्या डोळ्यावर. कितीदा रंगवला, तरी बाबा काही बाबांसारखे दिसेनात. उद्या सुट्टी संपून शाळा उघडणार, आणि शाळेच्या हॉलमध्ये चित्रकलेच्या बाईंचं, म्हणजे तिचंच, चित्र लागणार. त्यात समोर बसवायला हा माणूस. बाबा, म्हणजे दौलत, त्याच शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. काळाचौकीतल्या घराच्या खिडकीतून खाली व्हॅनला कोणी टेकलेलं दिसलं, की यांची मान गेलीच बाहेर.

"बाबा, हलू नका हो. हात जोडते."

"नाय हलत. बुबुळ काळंच असतं, काळं कर आणि मोकळी हो. किती बघशील?"

आता हेही शिकवणार. तिने रागाने ब्रश पाण्यात आपटला.

वर्गात ती घसा फोडून सांगायची, डोळा काढू नका रे, तो डोळा आहे हेच विसरा. आपले डोळे किलकिले करा, नुसते आकार बघा, कुठला किती गडद आणि कुठला किती फिका, तेवढंच मांडा. पोरं ऐकत नसत. शेवटी वैतागून तिने स्वतःच ऐकलं. डोळे किलकिले करून समोर बघितलं.

उजव्या डोळ्यात काळाभोर ठिपका होता. डाव्यात तेवढाच ठिपका, पण राखाडी. बुबुळ काळं असतं म्हणून ती आपली काळंच रंगवत बसली होती. तिने राखाडी कालवला आणि अलगद टेकवला. कॅनव्हासवर बाबा हजर झाले.

मेघना खूश झाली, पण क्षणभरच. बुबुळ राखाडी कसं? ती उठली, बाबांच्या उजव्या डोळ्यावर तिने तळहात धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या नाकासमोर नाचवली.

"किती बोटं, बाबा?"

दौलतनी बोटं न मोजताच तिचा हात खाली केला. लक्ष्मी आत गेल्याची खात्री करून हळूच म्हणाले, "काळाच रंगव गो तो. उद्या हॉलमध्ये पोरांचे आईबाप येतील. हे बघितल्यावर माझ्या व्हॅनमध्ये पोर कोण बसवेल?"