पायलटची ज्योत

बाहेर उणे वीस, आणि गॅसच्या फायरप्लेसमधली मोठी आग सारखी विझत होती. दुरुस्तीला आलेल्या ड्वेनने काच काढली. आत कायम तेवणारी पायलटची इवलीशी ज्योत पिवळी पडून थरथरत होती, पण अजून विझली नव्हती.

"नळीत कोळ्याने घर केलंय, बाई. ही विझवतो, साफ करतो, परत पेटवतो. दहा मिनिटं."

"विझवायलाच हवी?" आयलीनबाईंनी विचारलं.

"त्याशिवाय कसं होणार?"

"दर हिवाळ्यात माझा नवराच पेटवायचा. यंदाही त्यानेच पेटवली, अन् आठवड्याभरात गेला."

नॉबवरचा ड्वेनचा हात थांबला.

"मेणबत्ती आहे घरात?"

त्या ज्योतीवर मेणबत्ती पेटवून त्याने ती आयलीनबाईंच्या हातात दिली. "स्वयंपाकघरात नेऊन सांभाळा. मी हाक मारली की आणा. आज काडी ओढायची नाही."