चाकं वर

"चढ मिळाला," मेलेआने म्हणाली आणि उत्तराची वाट पाहू लागली.

विमानानं धावपट्टी सोडली होती, उंचीचा आकडा वर सरकत होता, नारळीची झाडं खाली बसत चालली होती. आता विमान चालवणाऱ्यानं दोन शब्द बोलायचे, 'चाकं वर', आणि शेजारच्यानं दांडा उचलायचा. विमान सेमिसी चालवत होता, आणि त्याची जीभ टाळूला चिकटली होती.

भित्रा नव्हता तो. चांगला मुरलेला कॅप्टन होता. पण शेजारी बसलेली को-पायलट त्याची थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीला हुकूम सोडणारा भाऊ टोंगाच्या बेटांवर अजून जन्माला यायचाय. मिसरूड फुटल्यापासून तो तिच्यासोबत एका खोलीत बसला नव्हता. कधी बसलाच तर खाली, चटईवर, तिच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं उंच दिसू नये म्हणून. इथं दोघांच्या खुर्च्या एका उंचीच्या. बाहेरचं नीट दिसायला तशाच लावाव्या लागतात.

आईनं सकाळीच सुनावलं होतं, "त्या डबड्यात तुम्ही दोघं मांडीला मांडी लावून बसणार? आणि हुकूम कोण देणार, कोंबडा?"

कंपनीकडे जेट एकच. आज या दोघांचं जमलं नाही तर मेलेआनेला पुन्हा छोट्या पंख्यांच्या विमानावर जावं लागणार होतं, या बेटावरून त्या बेटावर.

लोंबती चाकं विमानाला मागे ओढत होती. पायांखाली थरथर लागली. तेव्हा सेमिसीनं जे केलं ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बहिणीला कशाला तसदी, म्हणून त्यानं आपलाच हात इंजिनांच्या दांड्यांवरून उचलला आणि चाकांच्या दांड्याकडे नेला. घरी भाजलेलं कोनफळ तिच्यापुढे सरकवावं, तसा.

"हात मागे," मेलेआने म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी तुझी थोरली बहीण आहे ना? मग माझं ऐक. मला हुकूम दे."

बहिणीचा शब्द मोडणं तर त्याहून मोठं पाप.

"चाकं वर."

"चाकं वर." तिनं दांडा उचलला. पोटाखाली धडधडलं, झाकणं मिटली आणि विमान अंगावरचं ओझं टाकल्यासारखं सुटलं.

मग हुकूम येत गेले. 'पंखांच्या झडपा आत' म्हणाला की ती आधी वेग बघायची, मग हात हलवायची, मग तेच शब्द परत म्हणायची. चर्चमध्ये एकानं ओळ म्हणावी आणि दुसऱ्यानं ती उचलावी, तसं चाललं. खाली सगळं बेट, आईसकट, पानाएवढं झालं. वर्षानुवर्षं न बोललेला भाऊ बोलत होता, आणि त्याच्या शब्दागणिक एवढं मोठं धूड आभाळात चढत होतं. मेलेआनेच्या अंगावर काटा आला.

दहा हजार फुटांपर्यंत कामाशिवाय ब्र काढायचा नाही, हा वैमानिकांचा नेम. ती उंचीही मागे पडली. बाकीचे वैमानिक इथून पुढे खाण्यापिण्याच्या गप्पा काढतात. सेमिसी समोरच्या काट्यांवर नजर लावून बसला. झालं, तिला वाटलं, उतरल्या उतरल्या हा साहेबाला सांगणार, ही माझ्याबरोबर नको.

"विमान तुमचं, ताई," तो म्हणाला.

"विमान माझं," म्हणत तिनं ते हाती घेतलं.

सेमिसीनं खुर्चीची कळ दाबली. खुर्ची हळूहळू खाली गेली, त्याचं डोकं तिच्या खांद्याशी आलं, आणि तो हुकमाची वाट बघत बसला.