एकही रुग्ण नाही

दगड कापायच्या कारखान्यात मिस्त्रींची बावीस वर्षं गेली होती. आता दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागायची, आणि खोकल्याची उबळ आली की शेजारचा कारागीर मशीन थांबवून बघत राहायचा. कामगारांच्या फुफ्फुसांवर संशोधन करायला डॉक्टर येणार हे कळलं, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. "चला, कुणीतरी छाती तपासेल एकदाची," ते बायकोला म्हणाले.

आदल्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः त्यांच्याजवळ आले. "मिस्त्री, उद्या घरीच आराम करा. भरपगारी सुट्टी!" खोकणाऱ्या आणखी सहा जणांवरही साहेबांची अशीच माया उतू गेली.

महिन्याभराने अहवाल आला: तपासलेल्या कामगारांत फुफ्फुसाच्या आजाराचा एकही रुग्ण नाही. साहेबांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी चांगली ग्रॅनाइटची लादी निवडली आणि 'आमचे सर्व कामगार निरोगी' अशी पाटी कोरायला मिस्त्रींपुढे ठेवली. अक्षरांवर त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.


थोड्या वेळाने साहेब येऊन खेकसले, "अहो मिस्त्री, जरा खोकणं आवरा की! 'निरोगी' वाकडं येतंय."