सगळ्यांना झेपेल असं गाणं

बाईंच्या गायनवृंदात सगळ्या तऱ्हेचे गळे होते. शिवणकाम करणाऱ्या ताईंचा आवाज वरच्या पट्टीत सहज फिरायचा, दातांचे डॉक्टर सगळ्यांच्या पुढे पळायचे, आणि खुद्द बाईंच्या यजमानांचं नि सुराचं जन्माचं वाकडं. त्यातून वृंद ज्या स्पर्धेत उतरणार होता तिची अट अशी, की साथीला एकही वाद्य नको. म्हणजे चुकलं तर झाकायला पेटीसुद्धा नाही!

सगळ्यांना झेपेल असं गाणं शोधता शोधता बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी एक सापडलं. त्यात मागून एकानं नुसतं "हंऽऽ" असं एकाच स्वरात गुणगुणत राहायचं होतं.

"अहो, हे काम फक्त तुम्हालाच जमेल," बाई म्हणाल्या. यजमान खूश! आंघोळ करताना, भाजी चिरताना, घरभर "हंऽऽ" सुरू झालं.

स्पर्धेत त्यांनी "हंऽऽ" लावलं ते चांगलं अर्धा स्वर खाली, आणि तेही इतकं ठणठणीत, की दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळा वृंद घसरत घसरत त्यांच्याच सुराला जाऊन मिळाला. बाई मात्र जिवाच्या आकांतानं मूळ सूर धरून शेवटपर्यंत एकट्याच गात राहिल्या.

परीक्षकांनी वृंदाला पहिला नंबर दिला. मग बाईंना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले,


"तुमची माणसं फार सुरेल आहेत हो! फक्त पुढच्या वेळी तुम्ही नुसते हातवारे करा, गाऊ नका."